कारच्या एसीचा कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा : रत्नागिरीत वापरली जाणारी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. एसी लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास गार, मग नुसता वारा. वाऱ्याचा जोर तसाच असतो, गारवा मात्र गायब. गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा गार. बोनेटमधून घरघर येते, आणि ती एसी बंद असला तरी येते. गॅरेजमध्ये वरवर बघून ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगितलं आणि ३४,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. गाडीलाच आता दोन-अडीच लाख येतील, तर एवढा खर्च करावा का आणि स्वस्तात काही जमतं का?

मी कोल्हापुरात गाड्यांच्या एसीचंच काम करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी आतला कॉम्प्रेसर शाबूत वाटतो. गाडी डोळ्यांसमोर नाही, त्यामुळे खात्रीचं बोलत नाही. पण तुमची दोन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात आणि ती दिशा स्वस्तातली आहे.

कॉम्प्रेसर म्हणून जी वस्तू इंजिनाला बोल्टने बसवलेली असते, तिचे दोन भाग धरा. बाहेरचा भाग म्हणजे पुली, पुलीतली बेअरिंग, तिच्या मागची विजेची कॉइल आणि पुढची क्लच प्लेट (एसी लावल्यावर पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवणारी; पायाखालचा क्लच वेगळा). याचा गॅसशी काही संबंध नाही. आतल्या भागात स्वॉश प्लेट (पिस्टन पुढे-मागे हलवणारी तिरकी चकती), पिस्टन, व्हॉल्व, शाफ्टचं सील आणि तेल. बाहेरचं काही बिघडलं तर गॅस न सोडता काम होतं, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर न उतरवताही होतं. आतलं बिघडलं तर मात्र सगळी लाइन उघडावी लागते. गॅरेजवाल्यांना अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सोपा पडतो. चार बोल्ट आणि दोन पाइप, शिवाय पार्टवर मार्जिन. बेअरिंग काढायला पुलर, प्रेस आणि सवड लागते आणि पैसे सुटतात थोडे. यात कुणी लबाडच असतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी ते काम करणारा माणूसच नसतो.

आता घरघर. इंजिन चालू आहे तोवर पुली फिरतेच, एसी लावा किंवा नका लावू. म्हणजे तिची बेअरिंग नऊ वर्षं अखंड राबतेय. एसी बंद असतानाही घरघर येते, म्हणजे पहिला संशय या बेअरिंगवर. आवाज फक्त एसी लावल्यावर आला असता, क्लच धरल्याबरोबर खडखड सुरू झाली असती, तर मीही आतला कॉम्प्रेसर म्हटलं असतं. तरी आधी खात्री करून घ्या, कारण आल्टरनेटरची बेअरिंग, बेल्टचा टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि मार्गावर धरणाऱ्या पुल्या) यांचाही आवाज तसाच येतो. इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली हाताने फिरवून बघायची. खराब बेअरिंग बोटांना लगेच कळते, वाळूत फिरवल्यासारखी करकरते आणि पुली डावी-उजवीकडे डुलते. त्याच वेळी पुढची क्लच प्लेटही हाताने फिरवा. ती फिरताना एकसारखा थोडा जोर लागला तर आतलं यंत्र ठीक असण्याची शक्यता मोठी. अजिबात हललीच नाही तर कॉम्प्रेसर जाम झालाय, मग पुढचं गणित वेगळं.

बेअरिंगचं काम ‘बघू उन्हाळ्यानंतर’ म्हणून ढकलू नका. बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप याच बेल्टवर असतात. बेअरिंग जाम झाली की बेल्ट जळतो किंवा तुटतो, आणि आंबा घाटात पाण्याचा पंप थांबला तर इंजिनाचं जे होईल त्यापुढे ३४,००० काहीच नाहीत.

दुसरं लक्षण जास्त बोलकं आहे : थंड असताना चालतो, तापला की सोडतो. क्लच प्लेट आणि पुलीचा चेहरा यांच्यात एक बारीक फट असते. बहुतेक कॉम्प्रेसरांत ती ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान लागते. कॉइलला १२ व्होल्ट मिळाले की तिचं चुंबक होतं, प्लेट ओढली जाते, खट्ट आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. वर्षानुवर्षं धरून-सोडून दोन्ही चेहरे झिजतात आणि फट वाढते. दुसरीकडे कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. ६० अंशांनी तापली तर जवळजवळ पाव पटीने. रोध वाढला की करंट कमी, करंट कमी की चुंबक अशक्त. थंड असताना जेमतेम ओढली जाणारी प्लेट तापल्यावर मग ओढलीच जात नाही. बेअरिंग डुलत असेल तर त्यात आणखी भर पडते, कारण पुली वाकडी फिरते, घासते आणि स्वतःच उष्णता तयार करते. म्हणून घरघर आणि तापल्यावर सोडणं हे दोन वेगळे आजार नसावेत, असं मला वाटतं.

हे पक्कं कसं करायचं? गारवा गेला की गाडी बाजूला घ्या, एसी चालूच ठेवून बोनेट उघडा आणि लांबून बघा. सैल बाही, ओढणी, हात काहीही बेल्टजवळ नेऊ नका. पुली फिरतेय पण तिच्या पुढची प्लेट उभी आहे, असं दिसलं तर कॉइलच्या वायरवर मिस्त्रीकडून मल्टिमीटर लावून घ्या. १२ व्होल्टच्या वर येतायत आणि तरी प्लेट उभी, तर दोष क्लचचा. व्होल्टच येत नाहीत तर कॉम्प्रेसर निर्दोष आहे. रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, उंदराने कुरतडलेली वायर किंवा इंजिन जास्त तापल्यामुळे कॉम्प्युटरने एसी तोडलाय का, हे बघायचं. पुढचा पंखा बंद पडल्यानेही प्रेशर वाढून एसी तुटतो आणि तोही कॉम्प्रेसरच्या नावावर खपतो. प्लेट छान फिरतेय आणि तरी गार नाही, तर बाहेरच्या भागाचा दोष नाही, प्रश्न गॅसचा किंवा आतला.

वाऱ्याचा जोर तसाच राहतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वारा हळूहळू कमी होत गेला असता तर मी कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी; क्लचची कॉइल नव्हे) बर्फ धरतोय का, ते आधी बघितलं असतं. त्यातही गाडी तासभर उभी केली की सगळं पूर्ववत होतं आणि लोक क्लच बदलून बसतात.

फट कमी करायचं काम पाहायला क्षुल्लक वाटतं. प्लेटच्या मधोमध एक बोल्ट असतो, बऱ्याचदा १० नंबरचा पाना लागतो. तो काढला की प्लेट शाफ्टवरून सरकून बाहेर येते आणि तिच्या पोटात कागदासारख्या पातळ चकत्या दिसतात, त्यांना शिम म्हणतात. कधी एक असते, कधी तीन. त्यातली एक काढायची, प्लेट परत बसवायची आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत तीन ठिकाणी घालून बघायचं. सगळीकडे माप सारखं आलं पाहिजे. एका बाजूला ०.४ आणि दुसऱ्या बाजूला ०.७ येत असेल तर प्लेट वाकलीय किंवा बेअरिंग गेलीय. फार घट्ट केलं तरी गोत्यात येता, एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते. चेहरा जळून निळा-जांभळा पडला असेल तर शिमचा खेळ करू नका, क्लचचा सेट बदला. कॉइलचा रोधही तिथेच मोजून घ्या. थंड असताना साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. अनंत दाखवला तर कॉइल तुटलीय, फारच कमी आला तर आतून शॉर्ट आहे आणि फ्यूज उडवत राहील.

बेअरिंग बदलताना एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा, हसला तरी सांगा. पुलीत नवी बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा आणि पुली कॉम्प्रेसरच्या नाकावर चढवताना आतल्या कड्यावर. हातोडीने मधोमध ठोकलेली बेअरिंग पावसाळ्याआधीच परत गाऊ लागते. बेअरिंग नामांकित कंपनीचीच घ्या, जुन्या बेअरिंगवरचं माप वाचून. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर हे काम अर्ध्या तासात होतं. तुमच्याकडेही लेथवाला असेलच.

आमच्या भागातले दर बघता बेअरिंग ५०० ते १,००० रुपये, कॉइल १,००० ते २,५००, किंवा हे सगळं धरून पूर्ण क्लच सेट ३,००० ते ६,०००, मजुरी वेगळी हजार-दीड हजार. म्हणजे तुमचं काम बाहेरच्या भागातच असेल तर वाईटात वाईट सात-साडेसात हजारांत संपायला हवं, आणि गॅसला हातही लागायला नको.

एक इशारा मात्र आहे. अलीकडच्या काही गाड्यांत क्लचच नसतो. पुली आणि शाफ्ट कायम जोडलेले, आणि आतला एक कंट्रोल व्हॉल्व पिस्टनचा फेरा कमी-जास्त करतो. अशा गाडीत खट्ट आवाजाची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे पुढच्या हबचा मधला भाग मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, कॉम्प्रेसर जाम झाला तर तो तुटावा आणि बेल्ट वाचावा म्हणून. कंट्रोल व्हॉल्व मिनिममला अडकला की गेजवर, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्यांवर, कॉम्प्रेसर मेल्यासारखाच दिसतो. दीड ते चार हजारांच्या व्हॉल्वपायी वीस हजारांचा कॉम्प्रेसर बदललेल्या गाड्या माझ्याकडे दुसऱ्याच तक्रारीसाठी येतात, तेव्हा मालकाला ते सांगावं की नाही असा प्रश्न पडतो.

समजा, बाहेरचं सगळं ठीक निघालं. मग गेज. गेज न लावता आतल्या कॉम्प्रेसरबद्दल निकाल देणाऱ्याकडून गाडी उचला. इंजिन बंद, गाडी थंड, बाहेर ३० अंश असताना आर-१३४ए गॅसच्या गाडीत दोन्ही गेज ९५ पीएसआयच्या आसपास सारखे दिसतात. यावरून गॅस किती ग्रॅम आहे ते कळत नाही, आहे एवढंच कळतं. म्हणून आधी सगळा गॅस मशीनमध्ये काढून वजन करायचं आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच भरायचा. छोट्या गाडीत तो बहुधा ३५० ते ४५० ग्रॅम असतो. मग इंजिन १,५०० ते २,००० फेऱ्यांवर ठेवून बघा. आपल्याकडच्या उन्हात लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) २५ ते ४० आणि हाय साइड (त्यातून निघणारी जास्त दाबाची) १८० ते २५०, तर कॉम्प्रेसर जोमात आहे. लो ७० आणि हाय १३० असं दोन्ही एकमेकांकडे सरकलं, तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. इथेही एक फसवणारी जागा आहे : एक्स्पान्शन व्हॉल्व (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) उघडा अडकला तरी लो साइड वर जाते. फरक हाताला कळतो. व्हॉल्व अडकलेल्या गाडीत कॉम्प्रेसरकडे येणारा जाड पाइप गार, घामेजलेला असतो. कॉम्प्रेसर अशक्त असेल तर तोच पाइप कोमट.

आतला कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर पहिली गोष्ट मी तेल बघतो. कॉम्प्रेसर उतरवून पाइपाच्या तोंडातून तेल पांढऱ्या सुती फडक्यावर ओततो आणि उन्हात धरतो. पारदर्शक, फिकट पिवळं किंवा डाय (गळती शोधायचा रंग) टाकल्यामुळे हिरवट असेल तर नशीब चांगलं. नुसतं सील गळतंय किंवा व्हॉल्व प्लेटची गॅस्केट गेलीय, असं असू शकतं आणि ते दुरुस्त होतं. तेल काळं आणि त्यात चंदेरी चमक, बोटांत चोळल्यावर खरखर, म्हणजे अॅल्युमिनियमचा चुरा झालाय आणि तो कंडेन्सरपर्यंत (गाडीच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पोचलाय. इथून पुढे काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं.

चुरा असलेल्या लाइनवर नवा कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. आजच्या कंडेन्सरच्या नळ्यांतली भोकं मिलिमीटरभराची असतात, त्यातला चुरा कुठल्याही फ्लशिंगने (आतून धुण्याने) पुरता निघत नाही. कंडेन्सर बदलाच. तुम्ही तर समुद्रकाठी राहता, खाऱ्या हवेने नऊ वर्षांत त्याच्या पत्र्या तशाही भुसभुशीत झाल्या असतील. ड्रायर (लाइनमधला ओलावा शोषणारा भाग) बऱ्याच गाड्यांत कंडेन्सरलाच जोडलेला येतो. एक्स्पान्शन व्हॉल्व बदला. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लशिंगच्या द्रावणाने धुऊन नायट्रोजनने कोरडे करून घ्या. काही जण रॉकेल किंवा पेट्रोल मारतात, ते करू देऊ नका. आत राहिलेला अंश नव्या तेलाची वाट लावतो आणि आगीची भीती वेगळी.

काटकसर कॉम्प्रेसरच्या खरेदीत होते. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पार्ट सगळ्यात महाग. पण कार कंपन्या कॉम्प्रेसर सहसा दुसऱ्यांकडून घेतात : सुब्रोस, डेन्सो, सँडन, हॅनॉन, वालेओ असे मोजके बनवणारे आहेत. जुन्या कॉम्प्रेसरच्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो काढून पार्टच्या दुकानात दाखवा. त्याच बनवणाऱ्याचा माल त्याच्याच खोक्यात मिळाला तर बरेच पैसे वाचतात. छोट्या गाडीसाठी ११ ते १८ हजार धरा. रिकंडिशन केलेला ६ ते ९ हजारांत मिळतो, पण तो कुणी केलाय त्यावर सगळं आहे. नुसता रंग मारून नवं सील टाकलेलेही ‘रिकंडिशन’ म्हणून विकले जातात. आत काय काय बदललं, हे विचारल्यावर सरळ उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नका.

मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात जुन्या बाजारात काढलेला कॉम्प्रेसर ४ ते ७ हजारांत मिळून जातो. गाडी वर्ष-दीड वर्षात विकायची असेल तर मी त्याला नाक मुरडत नाही. फक्त मॉडेल नंबर, पुलीच्या खाचा, पाइपांची तोंडं आणि वायरचा सॉकेट जुळवून घ्या. तोंडांना बूच असलेलाच घ्या. यातलं पॅग नावाचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि उघड्या तोंडाने पावसाळा काढलेला कॉम्प्रेसर आतून गंजायला लागलेला असतो. पांढऱ्या फडक्याची परीक्षा दुकानातच घ्या. प्लेट हाताने फिरवून तोंडांवर अंगठे ठेवा, एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला दाब जाणवला पाहिजे. नाव नसलेली चिनी नक्कल आणि चांगला काढलेला ओरिजिनल यांत मी दुसरा निवडीन.

तेलाचा हिशेब फार थोडे लोक करतात. नवा कॉम्प्रेसर बहुधा पूर्ण लाइनचं तेल पोटात घेऊन येतो. समजा त्यात ८० मिली आहे आणि जुन्यातून ४० निघालं, म्हणजे उरलेलं ४० लाइनमध्येच आहे. मग नव्यातलं ४० काढून ठेवायचं, आणि कंडेन्सर नवा असेल तर २०-३० परत टाकायचं. लाइन पूर्ण धुतली असेल तर मात्र ८० चं ८० राहू द्यायचं. ग्रेडही लेबलवर असतो तोच, पॅग ४६ च्या जागी १०० नाही. जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी प्लेट हाताने आठ-दहा वेळा फिरवायची, म्हणजे पिस्टनवर साचलेलं तेल सरकतं.

मग नायट्रोजनने लीकेज तपासणी, किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, पंप बंद करून काटा हलत नाही ना ते बघणं, आणि वजनावर गॅस. व्हॅक्यूमची पंधरा मिनिटं वाचवली की ओलावा आत राहतो आणि आतून अॅसिड तयार होतं. गॅसमध्ये स्वस्त शोधू नका. बाजारात आर-१३४एच्या नावाखाली प्रोपेन-ब्युटेनची भेसळ येते, ती पेट घेते, आणि कूलिंग कॉइल तर डॅशबोर्डच्या आत असते. मिथाइल क्लोराइडची भेसळ त्याहून वाईट, ती अॅल्युमिनियमशी प्रक्रिया करते. २०११ मध्ये अशा गॅसमुळे व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. लीकेज बंद करणारं सीलंटही नको, ते एक्स्पान्शन व्हॉल्वमध्येच जाऊन बसतं.

सगळं धरून, आतला कॉम्प्रेसर गेला असेल आणि चुरा असेल तर नव्या ओरिजिनलसह २२ ते २८ हजार, रिकंडिशनसह १५ ते १९ हजार असा माझा अंदाज. तुम्हाला दिलेला ३४,००० चा आकडा त्यामुळे अगदीच अव्वाच्या सव्वा नाही. त्यात कंडेन्सर, ड्रायर आणि फ्लशिंग धरलंय का, हे विचारा. नुसता कॉम्प्रेसर आणि गॅस असेल तर महाग आहे आणि अपुरंही.

तुम्ही आधी बेल्ट उतरवून पुली फिरवून घ्या आणि गारवा गेल्यावर कॉइलवर व्होल्ट येतात का ते मोजून घ्या. दोन्हीला मिळून काहीशे रुपये लागतील. आंबा घाट चढताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एसी काही सेकंद तुटत असेल तर तो दोष धरू नका, इंजिनाला ताकद मिळावी म्हणून गाडीच ते करते. पुढे कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच तर बिलावर त्याचा नंबर, गॅसचे ग्रॅम आणि ड्रायर बदलल्याची नोंद लिहून घ्या, कारण वॉरंटी मागायला गेलात की दुकानदार हेच विचारतो. आणि जुना कॉम्प्रेसर मागून घ्या. रिकंडिशन करणारे जाम न झालेल्या जुन्या कॉम्प्रेसरचे पैसे देतात, आणि तोपर्यंत तो तुमचाच असतो.